नोकरकपात : कारण आणि रीत

नागपूर : मंदी, तोटा, बदलते तंत्रज्ञान किंवा दोन कंपन्यांचे विलीनीकरण अशी कारणे देऊन कर्मचारी कमी केले जातात, तेव्हा ही कपात आवश्यक होती काय, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. ती कोणत्या रीतीने करण्यात आली, हा तितकाच महत्त्वाचा प्रश्न मात्र मागे पडतो. भारतीय कामगार कायदा कपातीस सरसकट मनाई करीत नाही. परंतु तिची रीत त्याने घालून दिली आहे.

एम्प्रेस मिलचा धडा

जमशेटजी टाटा यांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी (१८८६) आणि अपघात भरपाई (१८९५) या सोयी येथे आल्या, तेव्हा देशात अपघात भरपाईचा कायदाही नव्हता. तो १९२३ मध्ये झाला. पुढे तोट्यात गेलेली ही गिरणी १९८६ मध्ये टाटांच्या हातून गेली. राज्य सरकारने कायदा करून ती संपादन केली व महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे सोपविली. अखेर २००२ मध्ये ती कायमची बंद पडली. आज त्या जागेवर मॉल उभा आहे. सरकारी संपादनामुळे गिरणीला १६ वर्षांचे आयुष्य मिळाले, परंतु तिचे मरण टळले नाही. नोकऱ्या जाणार हे दिसत असताना मिळालेला अवधी कामगारांना दुसऱ्या कामासाठी तयार करण्याकरिता वापरला नाही, तर केवळ लांबणीवर टाकलेली कपातही तितकीच जाचक ठरते.

ले-ऑफ आणि छाटणी

बोलण्यात 'ले-ऑफ' म्हणजे नोकरी जाणे असे समजले जाते. कायद्यात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. कोळसा, वीज वा कच्चा माल यांचा तुटवडा किंवा यंत्रातील बिघाड यामुळे काही काळ काम देता येत नाही, त्यास ले-ऑफ म्हणतात. यात कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम राहते आणि पात्र कामगारास मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई मिळते. नोकरी कायमची संपविणे म्हणजे छाटणी. स्वेच्छानिवृत्ती वा राजीनामा छाटणीत मोडत नाही. म्हणूनच काही ठिकाणी कर्मचाऱ्यांवर राजीनाम्यासाठी दबाव आणला जातो. एकदा स्वेच्छेने राजीनामा दिल्याचे मानले गेले, की छाटणीच्या भरपाईवरील हक्क उरत नाही.

कायदा काय सांगतो?

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगारास कारण नमूद करून एक महिन्याची लेखी सूचना किंवा तेवढे वेतन आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन देणे बंधनकारक आहे. ग्रॅच्युइटी याहून वेगळी. सामान्यतः शेवटी आलेल्यास प्रथम काढावे, हा जुना नियमही कायम आहे. छाटणी झालेल्यांसाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरावी, ही तरतूद नवी आहे.

कारखाने, खाणी व मळे यांना छाटणीपूर्वी सरकारची परवानगी घ्यावी लागते. ही अट १९७६ मध्ये ३०० कामगारांच्या आस्थापनांना लागू झाली. १९८२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा १०० वर आणली गेली. नव्या संहितेने ती पुन्हा ३०० केली आहे.

मिहानमधील प्रश्न

नागपूरचा रोजगार आता गिरण्यांकडून मिहानमधील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांकडे वळला आहे. येथे संकुल असलेल्या टीसीएसने जुलै २०२५ मध्ये जगभरातील सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक पदे कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मध्यम व वरिष्ठ पदांवरील कर्मचाऱ्यांचा भर होता. कारखान्यांसाठीची पूर्वपरवानगीची अट अशा कार्यालयांना लागू होत नाही. सूचना व भरपाईचे संरक्षणही कर्मचारी कायद्याच्या व्याख्येत 'कामगार' असेल तरच मिळते. व्यवस्थापकीय काम करणारे त्यातून वगळलेले आहेत. मात्र पदाचे नाव काय, यापेक्षा प्रत्यक्ष काम कोणते, हे न्यायालये पाहतात. त्यामुळे नियुक्तीपत्र व कामाच्या नोंदी जपून ठेवणे हिताचे ठरते.

समर्थनीय केव्हा?

व्यवसाय टिकविण्यासाठी मनुष्यबळ कमी करणे काही वेळा अपरिहार्य असते, हे मान्य करावे लागेल. परंतु कारण लेखी सांगितले काय, निवडीचा निकष सर्वांना सारखा होता काय, देणी वेळेवर चुकती झाली काय आणि दुसऱ्या कामासाठी अवधी मिळाला काय, या चार प्रश्नांची उत्तरे होकारार्थी नसतील, तर कारण कितीही सबळ असले तरी ती कपात न्याय्य म्हणता येणार नाही. व्यवस्थापनाच्या चुकीच्या अंदाजांची किंमत अशा वेळी कर्मचाऱ्यांच्या घरांना मोजावी लागते.