तो लूप आपण का लिहितो? रीड आणि राइटचा थोडा इतिहास

सी मध्ये लिहिलेला कुठलाही मुरलेला सर्व्हर किंवा डेटाबेस उघडून बघा. त्यात एक छोटं फंक्शन हमखास सापडेल. नाव काहीही असो, काम एकच: राइट कॉल करायचा, किती बाइट गेले ते बघायचं, उरलेले पुन्हा पाठवायचे, आणि मध्येच ‘ईआयएनटीआर’ ही एरर आली तर न थांबता परत प्रयत्न करायचा. जेमतेम पंधरा ओळी. बरेच विद्यार्थी त्या कुठून तरी उचलतात आणि पुढे जातात.

पण तुम्ही सिस्टिम्समध्ये संशोधन करणार असाल तर इथे थोडं थांबायला हवं. हे काम कर्नल स्वतः का करत नाही? प्रत्येक प्रोग्रामरने तेच पंधरा ओळींचं ओझं का वाहायचं? याचं उत्तर मशीनमध्ये कमी आणि इतिहासात जास्त आहे.

१९७४ चा करार

युनिक्सचं काम १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये सुरू झालं. डेनिस रिची आणि केन थॉम्पसन यांचा त्यावरचा प्रसिद्ध लेख जुलै १९७४ मध्ये ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’मध्ये आला. त्यांची मोठी कल्पना अशी की फाइल म्हणजे नुसती बाइटची रांग. डिस्क असो, टर्मिनल असो वा पाइप, प्रोग्रामच्या हातात एक लहानसा आकडा म्हणजे फाइल डिस्क्रिप्टर, आणि रीड-राइट सगळ्यांना सारखेच.

या सोयीची किंमत होती. डिस्कवरून मागाल तेवढे बाइट सहसा मिळतात. टर्मिनल मात्र एका वेळी जास्तीत जास्त एक ओळ देतं. म्हणून त्या लेखातच सांगितलंय की रीड मागितल्यापेक्षा कमी बाइट देऊ शकतं, आणि ती एरर नव्हे. शून्य आलं तर फाइल संपली. राइटबद्दल मात्र सूर वेगळा आहे: अपवाद सोडले तर दिलेलं सगळं लिहिलं जातं. पुढे १९८३ च्या ४.२बीएसडीमध्ये सॉकेट आले, नॉन-ब्लॉकिंग डिस्क्रिप्टरचा वापर वाढला, आणि तो अपवाद रोजचाच झाला. कराराचे शब्द तेच राहिले, पण भोवतालची परिस्थिती बदलली.

सिग्नल आला तर काय?

आता दुसरा धागा. प्रोग्राम रीडमध्ये वाट बघत बसलाय आणि तेवढ्यात सिग्नल आला. कर्नलने काय करावं?

रिचर्ड गॅब्रिएल यांच्या १९९१ मध्ये छापून आलेल्या ‘वर्स इज बेटर’ या चर्चेत याच प्रश्नावरची एक गोष्ट आहे. एमआयटीचा एक जण आणि बर्कलीचा युनिक्सवर काम करणारा एक जण बोलत बसलेत. एमआयटीवाल्याला त्यांच्या आयटीएस सिस्टिमची सवय. तिथे कर्नल अर्धवट काम मागे घेऊन प्रोग्रामला पुन्हा त्याच सूचनेवर नेऊन ठेवायचा. प्रोग्रामला काही कळायचंही नाही. युनिक्सवाल्याचं उत्तर सरळ होतं: कॉल एरर परत करेल, आणि नीट लिहिलेला प्रोग्राम ती तपासून पुन्हा प्रयत्न करेल. कर्नल साधा राहतो, म्हणून हेच बरं.

इथे नेमकं काय झालं ते बघा. गुंतागुंत नाहीशी झाली नाही, ती कर्नलमधून उचलून तुमच्या प्रोग्राममध्ये आली. तो लूप म्हणजे त्याच निर्णयाचं बिल.

हा निर्णयही सगळीकडे सारखा राहिला नाही. ४.२बीएसडीने काही कॉल आपोआप पुन्हा सुरू करायला सुरुवात केली. सिस्टिम फाइव्हची शाखा एरर देत राहिली. थोडे बाइट गेल्यावर सिग्नल आला तर? बीएसडी गेलेल्या बाइटचा आकडा द्यायचं, सिस्टिम फाइव्ह सरळ एरर. पॉझिक्सने या बाबतीत बीएसडीची पद्धत सक्तीची केली ती २००१ च्या आवृत्तीत.

मधल्या काळात पुस्तकांनी प्रोग्रामरला सांभाळलं. डब्ल्यू. रिचर्ड स्टीव्हन्स यांनी १९९० च्या नेटवर्क प्रोग्रामिंगच्या पुस्तकात ‘रीडएन’ आणि ‘राइटएन’ दिले. ब्रायंट आणि ओहॅलरन यांच्या पाठ्यपुस्तकात ‘रिओ’, म्हणजे रोबस्ट आय/ओ, हे पॅकेज आलं. पायथनने तर २०१५ च्या ३.५ आवृत्तीपासून हा पुनर्प्रयत्न भाषेच्या पोटातच घातला.

लूपची सवय जिथे अंगाशी येते

इथपर्यंत धडा सोपा वाटतो: एरर आली, पुन्हा करा. पण हीच सवय दोन ठिकाणी घात करते.

पहिलं ठिकाण क्लोज. लिनक्सवर क्लोजने ईआयएनटीआर दिलं तरी डिस्क्रिप्टर मोकळा झालेला असतो. तेवढ्यात दुसऱ्या थ्रेडने नवी फाइल उघडली तर तिला तोच आकडा मिळू शकतो. तुम्ही ‘काळजीपूर्वक’ पुन्हा क्लोज करता, आणि बंद होते ती दुसऱ्याचीच फाइल!

दुसरं ठिकाण एफसिंक, आणि इथे खरा डेटा पणाला लागतो. राइट यशस्वी झालं म्हणजे बाइट कर्नलच्या मेमरीत पोचले, इतकंच. डिस्कवर गेले याची खात्री एफसिंक देतं. पोस्टग्रेसक्यूएलची समजूत अशी होती की एफसिंक फसलं तर पुन्हा करून बघावं. २०१८ मध्ये उघड झालं की लिनक्स लिहायला अपयश आलेली पानंही ‘स्वच्छ’ ठरवू शकतं. मग दुसरा एफसिंक आनंदाने यश कळवतो, आणि डेटा मात्र गेलेला असतो. २०१९ च्या फेब्रुवारीत आलेल्या दुरुस्तीत पोस्टग्रेसने पुन्हा प्रयत्न करणंच सोडलं. आता ते मुद्दाम बंद पडतं आणि आपल्या लॉगमधून डेटा पुन्हा उभा करतं.

त्यातून संशोधन कसं निघालं बघा. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या गटाने २०२० च्या युझेनिक्स एटीसी परिषदेत ३ फाइल सिस्टिम आणि ५ ॲप्लिकेशन तपासून दाखवलं की एफसिंक फसल्यावर कोणाचीच तयारी पुरेशी नव्हती. प्रश्न साधाच होता: अपयशानंतर नेमकं काय होतं? पण तो पद्धतशीरपणे विचारणं हेच काम होतं.

तुमच्यासाठी

कुठलाही इंटरफेस वाचताना दोन प्रश्न वहीत लिहून ठेवा. चूक झाल्याचं कोणाला कळतं? आणि ती निस्तरायची जबाबदारी कोणाची? दोन्ही उत्तरं एकाच बाजूला नसतील, तर तिथे शोधण्यासारखं काहीतरी आहे.

मॅन पेजमधला एररचा भाग आणि खालच्या टिपा आधी वाचा, कारण बराचसा इतिहास तिथेच दडलेला असतो. मग ‘एसट्रेस’ वापरून तुमच्याच प्रोग्राममध्ये खोट्या एरर घाला. त्याला तशी सोय आहे. राइटला ईआयएनटीआर द्या, एफसिंकला आय/ओ एरर द्या, आणि काय होतं ते नोंदवा. उचललेला लूप त्यानंतरच ‘माझा’ म्हणा.