हत्तीरोगावरील औषधी वनस्पती (सातारा-सांगली परिसर)

हत्तीरोगावर (हत्तीपाय, आयुर्वेदातील श्लीपद) परंपरेने वापरलेल्या किंवा प्रयोगशाळेत तपासलेल्या वनस्पतींपैकी बऱ्याच सातारा व सांगली जिल्ह्यांत बांधावर, ओढ्याकाठी आणि शेतात सहज सापडतात. महाराष्ट्रात या रोगाचा भार मात्र मुख्यत्वे विदर्भावर आहे : गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर. त्यामुळे कृष्णाकाठच्या लोकांना ओळखीच्या काही झाडांची कसोटी नागपूर-वर्ध्याकडे लागली.

रोगाचे कारण वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा धाग्यासारखा कृमी. गटारे, शोषखड्डे व साचलेल्या घाण पाण्यात वाढणारा क्यूलेक्स डास तो पसरवतो. प्रौढ कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत ६ ते ८ वर्षे जगतात आणि मादी लाखो सूक्ष्म कृमी रक्तात सोडत राहते. हे सूक्ष्म कृमी रात्री त्वचेजवळच्या रक्तवाहिन्यांत येतात, म्हणून तपासणीसाठी रक्ताचे नमुने रात्रीच घेतले जातात. जेथे जुने पाणी साचून राहते आणि सर्व ऋतूंत थंडावा असतो, अशा प्रदेशांत श्लीपद विशेष होतो, असे माधवनिदान या आयुर्वेदीय ग्रंथात म्हटले आहे. डासाचा दुवा पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ मध्ये दाखवला. त्याच्या कित्येक शतके आधीचे माधवनिदानातले निरीक्षण थक्क करणारे आहे.

निर्गुडी, पळस, बेल आणि एरंड या चार वनस्पतींचे अर्क नागपूर विद्यापीठ व सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी ब्रुगिया मलायी या जवळच्या जातीच्या सूक्ष्म कृमींवर तपासले. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामात निर्गुडी, पळस व बेल यांच्या अर्कांनी कृमींची हालचाल लक्षणीय मंदावली. एरंडाचा परिणाम कमी होता. सुजेवर निर्गुडीचा पाला गरम करून बांधण्याची चाल गावोगाव आहे. ती सूज उतरवण्यासाठी आहे, कृमी मारण्यासाठी नाही. पाला बांधल्याने लसीकावाहिनीतला कृमी मरतो, असे कोणत्याही प्रयोगाने सिद्ध झालेले नाही.

सांगलीची ओळख असलेल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतील कुर्क्युमिनमुळे गुरांच्या पोटात आढळणाऱ्या, हत्तीरोगाच्या कृमीच्याच फायलेरिया कुळातील सेटारिया कृमींच्या पेशी मरू लागतात, असे प्रयोगांत दिसले आहे. पण तोंडावाटे घेतलेले कुर्क्युमिन रक्तात फारच थोडे पोहोचते. काचपात्रातली मात्रा माणसाच्या शरीरात गाठणे हीच मोठी अडचण आहे. माण, खटाव, जत, आटपाडी या कोरड्या तालुक्यांत तग धरणारा कडुनिंब आणि कुंपणाला लावला जाणारा सागरगोटा यांचेही अर्क फायलेरिया कुळातील कृमींवर तपासले गेले आहेत. ओव्यावरही असे काम झाले आहे.

विशेष अभ्यास झाला तो खरोटीचा, म्हणजे संस्कृत ग्रंथांतील शाखोटकाचा. पाने इतकी खरखरीत, की लाकूड घासून गुळगुळीत करायला वापरता येतात. श्लीपदावर तिची साल सांगितली आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने सालीतून अ‍ॅस्पेरोसाइड व स्ट्रेब्लोसाइड ही संयुगे वेगळी केली आणि ती प्रौढ कृमींवरही परिणामकारक ठरली. ही संयुगे हृदयावर काम करणाऱ्या ग्लायकोसाइड वर्गातली आहेत. सालीचा काढा अंदाजाने घेणे म्हणूनच धोक्याचे.

वनस्पतींचे हे सारे पुरावे अजून मर्यादित आहेत. वुचेरेरिया प्रयोगशाळेतील साध्या प्राण्यांत वाढत नाही, त्यामुळे बहुतेक चाचण्या ब्रुगिया किंवा सेटारियावर होतात. सरकारी गोळ्यांतील डायएथिलकार्बामाझिन सूक्ष्म कृमी झपाट्याने कमी करते, प्रौढ कृमींवर मात्र त्याचा परिणाम अपुरा पडतो. ही उणीव भरून काढणारे औषध वनस्पतीतून मिळावे, हीच या संशोधनाची खरी अपेक्षा आहे. तोपर्यंत डायएथिलकार्बामाझिन, अल्बेंडाझोल व आयव्हरमेक्टिन यांचा एकत्रित उपचार हाच भरवशाचा. नागपूर जिल्ह्यात तो २०१९ मध्ये सुरू झाला. तो टाळून काढ्यावर विसंबणाऱ्याच्या रक्तात सूक्ष्म कृमी राहतात आणि डास ते शेजारच्या घरापर्यंत नेतो.

सुजलेल्या पायाची निगा हे वनस्पतींचे आजच खुले असलेले क्षेत्र. पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवणे, बोटांच्या बेचक्यांतील चिरा भरून आणणे, पाय उंचावर ठेवणे व व्यायाम यांमुळे वारंवार येणारा ताप आणि पायाची आग कमी होते. केरळातील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मॅटॉलॉजी ही संस्था या निगेला आयुर्वेदिक फांटात (वनस्पती गरम पाण्यात भिजवून केलेल्या अर्कात) पाय भिजवणे, तेलाचे मर्दन, योगासने आणि पट्टी बांधणे यांची जोड देते. सातारा-सांगलीतील वैद्यांना हे काम नव्या रेणूच्या शोधाची वाट न पाहता हाती घेता येण्यासारखे आहे.