गुंद : आर्थिक वाढ आणि सामाजिक विकास

गुंद : कर्नाटक राज्याच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा (जुने नाव सुपा) तालुक्यातील वनवेष्टित गाव. चन्नबसवण्णांच्या समाधीमुळे प्रसिद्ध असलेल्या उळवीच्या परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर ते वसले आहे. काळी व्याघ्र प्रकल्पातील एका वनपरिक्षेत्राला याच गावाचे नाव आहे. पोफळीच्या बागा करणारे हव्यक, जंगलाच्या आधाराने शेती करणारे कुणबी आणि गुरे राखणारे गवळी धनगर हे या भागातले जुने रहिवासी. कन्नड, कोकणी आणि मराठी या तिन्ही भाषा येथे कानी पडतात. 1862 पासून 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई इलाख्यात आणि पुढे मुंबई राज्यात होता. ‘आर्थिक वाढीतून सामाजिक विकास आपोआप होतो काय?’ हा विकसनशील देशांच्या अर्थशास्त्रातला जुना प्रश्न. गुंदच्या परिसरात त्याचे उत्तर जितके स्वच्छ दिसते, तितके ते राष्ट्रीय सरासरीत कधीच दिसत नाही. म्हणून या नोंदीत गावाचा विचार त्या प्रश्नाच्या अंगाने केला आहे.

आर्थिक वाढ म्हणजे एखाद्या प्रदेशात वर्षभरात निर्माण होणाऱ्या वस्तू व सेवांच्या मूल्यात होणारी वृद्धी. सामाजिक विकास म्हणजे माणसांचे आयुर्मान, शिक्षण, आरोग्य आणि आपल्या आयुष्याबाबत निर्णय घेण्याची ताकद वाढणे. महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या साहाय्याने 1990 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे पहिला मानव विकास अहवाल काढला, तेव्हापासून या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजण्याची रीत रूढ झाली. तरीही एक अडचण उरली. देशांतर्गत उत्पादनाचा हिशेब उत्पन्न जिथे उगम पावते त्या जागेवरून मांडला जातो. ते कोणाच्या हाती पडते हा हिशेबाचा वेगळा भाग, आणि जिल्हा-तालुक्याच्या पातळीवर तो बहुधा मांडलाच जात नाही. जिथे मोठे धरण, कारखाना किंवा वीजगृह आहे आणि वस्ती विरळ आहे, तिथे कागदावरचे दरडोई उत्पादन आणि प्रत्यक्ष राहणीमान यांच्यात मोठी दरी पडू शकते. जोयडा तालुका तसा आहे. राज्यातल्या सर्वांत विस्तीर्ण आणि सर्वांत विरळ वस्तीच्या तालुक्यांत तो मोडतो. लोकसंख्या जेमतेम पन्नास हजारांच्या आसपास.

या तालुक्यातून काय बाहेर गेले ते आधी पाहू. काळी नदी याच तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि सदाशिवगडाशी अरबी समुद्राला मिळते. जेमतेम 184 किलोमीटरच्या या प्रवासात तिच्यावर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी आणि कद्रा अशी धरणांची साखळी उभी राहिली. त्यांतले सुपा धरण 1987 मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची 101 मीटर आणि साठवण सुमारे 145 टीएमसी; राज्यातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांत त्याची गणना होते. काळीवरच्या वीजगृहांची स्थापित क्षमता सुमारे 1,250 मेगावॉट आहे आणि तिचा मोठा वाटा नागझरीच्या वीजगृहाचा. शेजारच्या कारवार तालुक्यातील कैगा अणुवीज केंद्राचे 220 मेगावॉटचे चार संच कद्रा जलाशयाच्या पाण्यावर थंड होतात. म्हणजे एकट्या काळीच्या खोऱ्यातून 2,000 मेगावॉटहून अधिक क्षमतेची वीज राज्याला आणि दक्षिण भारताला मिळते. सुपा धरणाच्या पायथ्याचे 100 मेगावॉटचे वीजगृह पूर्ण क्षमतेने एक तास चालले, तर एक लाख युनिट वीज तयार होते. महिन्याला 50 युनिट वापरणाऱ्या 2,000 घरांची ती महिनाभराची गरज आहे. या धरणाच्या पाण्याखाली तालुक्याचे मुख्य ठिकाण असलेले सुपा गाव बाजारपेठेसकट गेले. कचेऱ्या जोयड्याला हलल्या, विस्थापितांतले अनेक जण रामनगरला वसवले गेले. गाव बुडाल्यावरही जनगणनेच्या तक्त्यांत तालुक्याचे नाव कित्येक वर्षे ‘सुपा’ असेच छापले जात राहिले.

विजेच्या आधी बांबू गेला. दांडेलीची वेस्ट कोस्ट पेपर मिल्स 1955 मध्ये स्थापन झाली आणि जिल्ह्यातला बांबू तिला दीर्घ मुदतीच्या कराराने, बाजारभावाच्या मानाने नाममात्र दरात मिळाला. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या व्यवहाराचा अभ्यास केला. त्यांच्या मांडणीचा गाभा असा की कच्चा माल जवळजवळ फुकट मिळाला की तो जपून वापरण्याचे कारणच उरत नाही. एका टापूतला बांबू संपला की गिरणी पुढच्या टापूकडे वळते. त्याच बांबूपासून सुपे, टोपल्या आणि कणग्या विणणारा बुरूड मात्र बाजारभावाने बांबू विकत घेई. वाढ झाली, कागद झाला, दांडेलीत नोकऱ्याही झाल्या. पण ज्या डोंगरातून बांबू उतरला, त्या डोंगरावरच्या माणसाचा त्यावर लेखी हक्क नव्हता, म्हणून त्याच्या किमतीत त्याचा वाटाही नव्हता.

या नोंदीचे प्रतिपादन असे आहे : एखाद्या भागातून संपत्ती वाहून गेली तरी तिथला समाज पुढे जातो की नाही, हे त्या संपत्तीवर स्थानिकांचा नोंदलेला हक्क आहे की नाही यावर मुख्यतः ठरते. याचा पुरावा खुद्द उत्तर कन्नडातच आहे. घाटमाथ्यावरच्या पोफळीच्या बागायतदारांना इंग्रजी अमलापासून ‘बेट्ट’ जमिनीचा विशेषाधिकार आहे. दर एकर बागेमागे नऊ एकरांपर्यंतच्या वनजमिनीतून पाला आणि गवत नेता येते. सुपारीच्या बागेत हा पाला काय करतो ते जवळून पाहण्यासारखे आहे. सुक्या दिवसांत झाडांच्या फांद्या छाटून पाला उतरवतात, काही गोठ्यात गुरांखाली पसरतात, शेणात मुरला की तेच खत पोफळीच्या बुंध्याशी घालतात. उरलेला पाला बागेत जाड थराने अंथरतात, त्यामुळे माती धुपत नाही आणि उन्हाळ्यात ओल टिकते. पावसाळ्यात कोळेरोगाने फळे गळू नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारावे लागते आणि तेही पावसाची उघडीप साधून. इतका खर्च आणि इतके कष्ट माणूस तेव्हाच करतो, जेव्हा पुढच्या वर्षीही पाला मिळेल याची त्याला खात्री असते. त्या खात्रीवर बागा टिकल्या, बागांवर 1923 मध्ये शिरसीची तोटगार्स को-ऑपरेटिव्ह सेल सोसायटी उभी राहिली, दलालांवरचे अवलंबन घटले आणि मुलांच्या शिक्षणाला पैसा आला. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे 84 टक्के होती, राज्याची सुमारे 75. या आघाडीला कारणे अनेक, किनारपट्टीच्या शाळा त्यांत आहेतच. पण हक्कावर उभी राहिलेली बागायत हे त्यांतले एक ठळक कारण मानावे लागते.

त्याच जंगलात कुणब्याच्या वाट्याला काय आले? त्याची कुमरी, म्हणजे जागा बदलत जंगल भाजून केलेली नाचणी-वरीची शेती, एकोणिसाव्या शतकात वनखात्याने आवळत नेली. तिच्या बदल्यात बेट्टसारखा कोणताही अधिकार त्याला मिळाला नाही. दोघांचे गाव एक, पाऊस एक, माती एक; फरक सातबाऱ्यासारख्या एका कागदाचा. कुणब्याजवळ ज्ञान कमी होते असे कोणी म्हणेल, तर त्याने जोयड्याला दरवर्षी भरणारा कंदमुळांचा मेळा पाहावा. मुडली, कोनफळ, कणगी असे कितीतरी कंद कुणबी बाया परसात जोपासत आल्या आहेत. पावसाच्या तोंडाशी लावून हिवाळ्यात खणलेले हे कंद भाताची तूट भरून काढतात. शेतीच्या संशोधन केंद्रांनी ज्या विविधतेसाठी शीतगृहे बांधली, ती इथे घराच्या मागच्या दारी जिवंत आहे.

हक्काच्या कागदाचा प्रश्न आजचाही आहे. 2003 च्या जानेवारीत अमलात आलेल्या अनुसूचित जाती-जमाती आदेशांच्या दुरुस्ती कायद्याने गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप यांना अनुसूचित जमातींत घेतले, आणि उत्तर कन्नडातल्या सिद्दींनाही घेतले. जोयड्याचा कुणबी मात्र बाहेर राहिला. सीमेपलीकडे त्याचे सोयरे जमातीत आणि तो स्वतः जमातीबाहेर. जमातीत समावेशाची त्याची मागणी जुनी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यामुळे या फरकाला धार आली. अनुसूचित जमातीच्या माणसाला 13 डिसेंबर 2005 पूर्वीचा ताबा दाखवला की पुरते. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वहिवाट सिद्ध करावी लागते. हिशेब केला तर पुरावा 1930 पर्यंत मागे जातो. तेव्हा या वाड्यांत कोणाचे नाव कोणत्या सरकारी वहीत लिहिले जात होते? कायद्याच्या नियमांत वृद्धांच्या जबानीची, जुन्या विहिरी, स्मशाने आणि देवस्थाने यांच्या खुणांची सोय आहे, पण तपासणीत कागदच मागितला जातो. जिल्ह्यातले बहुसंख्य दावे फेटाळले गेले. सर्वोच्च न्यायालयाने 13 फेब्रुवारी 2019 रोजी फेटाळलेल्या दावेदारांना हटवण्याचा आदेश दिला आणि 28 फेब्रुवारीला तो स्थगित केला. त्या पंधरवड्यात जंगलातल्या वाड्यांनी काय भोगले असेल, ते कोणत्याही निर्देशांकात उतरत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की मूठभर वस्तीच्या गैरसोयीपुढे लाखो घरांचा उजेड आणि उद्योगांची वीज मोठी. हा आक्षेप अर्धा खरा आहे. काळीची वीज कर्नाटकाला हवीच होती आणि धरण बांधणे चूक होते असे येथे म्हणायचे नाही. पण लाभ मोठा असेल, तर त्यातला छोटा वाटा मूळ जागी देणे उलट सोपे ठरते. 2008 च्या राष्ट्रीय जलविद्युत धोरणाने हेच मान्य केले : प्रकल्पाच्या विजेतला जादा एक टक्का स्थानिक विकास निधीला आणि प्रत्येक बाधित कुटुंबाला दहा वर्षे महिन्याला 100 युनिट वीज. खाणींच्या बाबतीत 2015 पासून असाच वाटा स्थानिकांसाठी राखणारी जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आहेत. सुप्याची माणसे मात्र या तरतुदींच्या आधी, 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या काळात उठली. कोयनेच्या धरणग्रस्तांची साताऱ्यातली कहाणी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे नवे वाटणार नाही. जुन्या धरणांना नव्या धोरणाची कलमे लावू नयेत, असे कोणतेही अर्थशास्त्र सांगत नाही. धरण आजही तीच वीज विकत आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो वाघाचा आहे. दांडेली अभयारण्य 1956 चे, अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 चे. 2007 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 मध्ये त्याला काळीचे नाव मिळाले. या सलग रानात रुंद रस्ते आणि मोठी बांधकामे नकोत, हे मान्यच करायला हवे. पण आरोग्यसेविका, चालू स्थितीतली जीप, शिक्षक नेमलेली शाळा, पावसाळ्यात तुटणार नाही असा साकव यांनी जंगल तुटत नाही. आणि वाघ असलेल्या जंगलात लोकांचे हक्क नांदू शकतात याचे उदाहरण याच राज्यात आहे : बिळिगिरी रंगन डोंगरातल्या सोलिगांना 2011 मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक वनहक्क मिळाले. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011 पासून तिथली ग्रामसभा स्वतःचा बांबू स्वतः विकू लागली. दांडेलीच्या डोंगरातून गेलेला बांबू आणि मेंढा-लेखाचा बांबू यांत जातीचा फरक असेल, पण अर्थकारणातला फरक ग्रामसभेच्या शिक्क्याचा आहे.

तिसरा आक्षेप व्यवहारी वाटतो : इतक्या विखुरलेल्या वाड्यांना सेवा पुरवणे परवडत नाही, तेव्हा माणसांनाच बाहेर आणावे. व्याघ्र प्रकल्पातून बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला मिळणारी मदत 2008 मध्ये 10 लाख रुपये होती, 2021 मध्ये ती 15 लाख झाली. ज्यांना जायचे आहे त्यांना ती मिळावी, वेळेवर मिळावी. पण कायद्याच्या दृष्टीने हे स्थलांतर ऐच्छिक असावे लागते. गंभीर आजारी माणसाला हुबळी, बेळगाव किंवा गोव्यात बांबोळीला न्यावे लागत असेल, तर ‘इच्छा’ कशाची मोजली जाते? हा प्रश्न एकट्या गुंदचा नाही. वीज पिकवणाऱ्या या अख्ख्या जिल्ह्यात मोठे बहुविशेष रुग्णालय नाही म्हणून 2022 च्या जुलैत शिरूरच्या टोलनाक्यावरील रुग्णवाहिकेच्या अपघातानंतर लोकांनी आवाज उठवला होता. दवाखाना आणि शाळा आधी पोहोचवून मग विचारले, तर काही कुटुंबे तरीही जातील, काही राहतील, आणि दोन्ही उत्तरे खरी असतील. दवाखाना न पोहोचवता मिळवलेल्या संमतीच्या कागदावर सही असते, पण ती निवड आहे असे म्हणता येत नाही.