यवतमाळची सभा आणि जानेवारीचा आठवडा



नव्या वर्षाच्या सुरुवातीला चिकोडीत आमचा एकत्र प्रार्थनेचा आठवडा असतो. उसाचा हंगाम जोरात, रस्त्याला ट्रॅक्टरांची रांग, म्हणून माणसे उशिरा येतात, पण येतात. यंदा संडे स्कूलच्या एका मुलाने विचारले, "हा आठवडा ठरवला कोणी? बायबलात तर कुठे सापडत नाही." आम्ही वर्षानुवर्षे त्या आठवड्याचे विषय फळ्यावर लिहीत आलो, आणि उत्तर देता आले नाही. म्हणून हे लिहिणे.

त्याचे मूळ आपल्याच देशात आहे. १८५७ च्या बंडात फत्तेगडचे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनरी बायकामुलांसह कानपुरात मारले गेले. सूडाची भाषा तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांत भरपूर होती. अशा वेळी त्याच पंथाच्या लुधियानाच्या मिशनऱ्यांनी १८५८ च्या अखेरीस ठराव केला की, जानेवारी १८६० मध्ये जगभरच्या ख्रिस्ती लोकांनी एक आठवडा प्रार्थनेला द्यावा. लंडनमध्ये १८४६ साली स्थापन झालेल्या इव्हँजेलिकल अलायन्सने ही हाक उचलली आणि आठवडा दरवर्षीचा केला. आपल्या भागाशीही याचे नाते आहे. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरास आले आणि १८७० मध्ये त्यांचे मिशन त्याच प्रेसबिटेरियन बोर्डाकडे गेले. लुधियाना आणि कोल्हापूर अशी एका घरची झाली.

त्या अलायन्सचे सगळेच उजळ नव्हते, हेही मुलांना सांगायला हवे. १८४६ च्या सभेला जगाची एकच संघटना करायची होती. गुलाम बाळगणाऱ्यांना सभासद करावे की नाही यावर गाडी अडली, आणि शेवटी देशोदेशी वेगळ्या संघटना कराव्यात असे ठरले. योहानाच्या सतराव्या अध्यायातली प्रभूची प्रार्थना ओठांवर घेऊन जमलेली ही माणसे होती!

भारतात तशी संघटना उभी राहायला १९५१ साल उजाडले, आणि ती उभी राहिली यवतमाळात. इव्हँजेलिकल फेलोशिप ऑफ इंडिया हे तिचे नाव. काळ कसा होता पाहा. चारच वर्षांपूर्वी स्वातंत्र्य मिळालेले. दक्षिणेत १९४७ साली चर्च ऑफ साउथ इंडिया एकवटले होते. १९५० च्या राज्यघटनेने पंचविसाव्या कलमात धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि प्रसाराचा हक्क दिला होता. परदेशी मिशनरी पुढे किती दिवस राहतील याची खात्री नव्हती. अनेक पंथांची कारभारी संस्था, नॅशनल ख्रिश्चन कौन्सिल, नागपुरात होतीच. पण शास्त्र हेच अंतिम प्रमाण, वधस्तंभावरचे तारण, नवा जन्म आणि सुवार्ता सांगणे यांवर जोर देणाऱ्यांना आपली वेगळी सहभागिता हवी होती. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये जागतिक संघटना झाली, तिच्या पहिल्या सभासदांत भारत होता. सुरुवातीची धुरा मिशनऱ्यांच्या हाती होती. पुढे बेन वाटी या नागा पुढाऱ्याने ती बरीच वर्षे वाहिली. यवतमाळात १९५३ साली युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली, ती १९८३ मध्ये पुण्यास गेली. आपल्याकडच्या कित्येक पाळकसाहेबांचे शिक्षण तिथले. बिहारच्या दुष्काळात, १९६७ साली, मदतकार्यासाठी एफिकोर निघाली.

एक योगायोग आम्हाला सुटत नाही. १ नोव्हेंबर १९५६ या एकाच दिवशी यवतमाळ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आले, आणि आमचे चिकोडी मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेले. त्याच वर्षी, तेव्हाच्या मध्य प्रदेशात, मिशनरी कार्याची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल निघाला. म्हणजे संघटना जन्मली तीच संशयाच्या वातावरणात. आमच्याकडे ते वातावरण २३ डिसेंबर २०२१ ला आले. बेळगावच्या सुवर्णसौधात विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केले, तेव्हा नाताळ दोन दिवसांवर होता. पुढे २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो कायदा मागे घ्यायचे ठरवले. त्या दिवसांत घरगुती प्रार्थना ठेवताना आमच्यातली काही कुटुंबे दार लावून घेत. दिल्लीत आपल्या बाजूने कोणी निवेदन देते आहे, घडलेल्या प्रकारांची नोंद ठेवते आहे, हे कळल्यावर धीर आला, हे कबूल करायला हवे.

तरी तक्रार आहेच. निवेदने इंग्रजीत निघतात. आमच्या म्हाताऱ्या बायांपर्यंत ती पोहोचत नाहीत. आणि गावातल्या गावात? मोठी मंडळी लहान मंडळीला, जुनी नव्याला विचारत नाही. जानेवारीच्या आठवड्याला दोन वर्षांपूर्वी एका मंडळीने येणे बंद केले. कारण काय, तर पहिले गीत मराठीत म्हणायचे की कन्नडात. मिटवायला आम्हीही पुढे झालो नाही. आपलीच भाषा आधी यावी, असे मनातून आम्हालाही वाटत होतेच.

यंदा शेवटची संध्याकाळ त्यांच्या चर्चमध्ये ठेवावी म्हणून आम्ही दोघेजण विचारायला गेलो. त्यांच्या पाळकसाहेबांनी चहा दिला, पंचांगाकडे पाहिले, आणि म्हणाले, "शनिवारी या. खुर्च्या कमी आहेत, तुमच्या घेऊन या." शनिवारी आम्ही छोट्या टेम्पोत चाळीस खुर्च्या घातल्या. प्रश्न विचारणारा तो मुलगा मागे, खुर्च्यांवर बसून आला.