प्रस्तावना : पाण्यातले जड धातू आणि टर्बियमचा हिरवा प्रकाश

पाण्यात शिसे विरघळले तरी पाणी नितळच दिसते. जपानमधील मिनामाटाच्या कोळ्यांनाही खाडीतला पारा दिसला नव्हता. तिथल्या आजाराची अधिकृत नोंद १९५६ मध्ये झाली. तोवर कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा मासळीवाटे माणसांच्या मज्जासंस्थेपर्यंत पोहोचला होता. भारताचे आयएस १०५०० हे मानक पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ आणि पारा ०.००१ मिलिग्रॅमपर्यंतच चालवून घेते. एवढे अल्प प्रमाण मोजणारी यंत्रे मोठ्या प्रयोगशाळांत असतात. तेच काम विहिरीच्या काठावर करता येईल का, या प्रश्नामागे एक अभ्यासक्षेत्र लागले आहे.

या क्षेत्राचे नायक म्हणजे युरोपियम आणि टर्बियम ही दोन मूलद्रव्ये. अतिनील प्रकाशात पहिल्याचे आयन तांबडे उजळतात, दुसऱ्याचे हिरवे. हा प्रकाश देणारे ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांआड सुरक्षित असतात, म्हणून वर्णपटातील रेषा अगदी रेखीव येतात. टर्बियमची ठळक रेषा ५४५ नॅनोमीटरच्या आसपास असते. पण हे आयन स्वतः प्रकाश फारच कमी शोषतात. भोवतीचा सेंद्रिय लिगंड (धातूला जोडलेला रेणू) प्रकाश शोषून ती ऊर्जा धातूकडे सोपवतो, हे रसायनशास्त्रज्ञ वाइसमन यांनी १९४२ मध्ये दाखवले. आज त्याला ‘अँटेना परिणाम’ म्हणतात. टेरेफ्थॅलिक आम्लासारखे लिगंड धातूच्या आयनांना एकमेकांशी जोडत गेले की कोऑर्डिनेशन पॉलिमरची जाळी उभी राहते. त्या लिगंडवर गंधकयुक्त गट बसवला की पारा तिकडे ओढला जातो, आणि दीप्ती बदलते.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो या दीप्तीचा दीर्घ काळ. नदीच्या पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांची चमक नॅनोसेकंदांत विझते. युरोपियम-टर्बियमची मिलिसेकंदाच्या घरात टिकते. क्षणभर थांबून मोजले की गढूळ पाण्यातही खरा संकेत वेगळा काढता येतो.

मात्र नुसता प्रकाश मंदावला म्हणजे धातू सापडला, असे मानू नये. फेरिक लोह उत्तेजक अतिनील किरणे स्वतःच शोषते. जाळीला स्पर्श न करताही ते दीप्ती कमी करते. जाळीचे कण तळाशी बसले तरी आकडा घसरतो. म्हणून एकाच जाळीत युरोपियम आणि टर्बियम दोन्ही ठेवून तांबड्या-हिरव्याचे गुणोत्तर पाहणारी पद्धत मला अधिक भरवशाची वाटते. शिवाय पाण्याच्या रेणूंमधील ओ-एच बंधांची कंपने दीप्ती गिळतात, आणि फॉस्फेट असल्यास ते जाळीतल्या धातूला बांधून जाळीच मोडू शकते.

त्यामुळे नवा शोधनिबंध हाती आला की आधी शुद्ध पाण्यातला आलेख बाजूला ठेवा. नळाच्या, विहिरीच्या, नदीच्या पाण्यात तोच पदार्थ तपासला आहे का, आणि चाचणीनंतर त्याची जाळी शाबूत राहिली का, ते पाहा.