मुलाच्या वतीने कोणी बोलावे?

कामगारांच्या सभांत आयुष्य घालवलेल्या माणसाने मुलांच्या खेळावर बोलायला उभे राहावे, ह्याचे आपणांस नवल वाटेल. परंतु दुसऱ्याच्या वतीने बोलणे हा आमचा तीस वर्षांचा उद्योग आहे. आणि क्रीडोपचाराचा, म्हणजे खेळाच्या द्वारे मुलाचे दुखावलेले मन जाणून त्याला सावरण्याचा, इतिहास आम्ही वाचू लागलो तो ह्याच प्रश्नापायी. मुलाच्या वतीने मोठ्यांनी किती बोलावे?

पहिला वाद १९२० नंतरच्या दशकातला. मेलानी क्लाइन ह्या विदुषींनी बर्लिनमध्ये मुलांपुढे लाकडाची चिमुकली माणसे, गाड्या, जनावरे मांडली. मोठा रोगी मनात येईल ते बोलतो, मूल खेळते; तेव्हा खेळ हेच त्याचे बोलणे, आणि त्यातला दडलेला अर्थ त्याला तिथल्या तिथे सांगावा, असे त्यांचे मत. व्हिएन्नाच्या अ‍ॅना फ्रॉइड ह्यांनी १९२७ साली हरकत घेतली. मुलाने दोन गाड्या एकमेकींवर आपटल्या, तर कदाचित काल रस्त्यात त्याने टक्कर पाहिली असेल! आधी मुलाशी स्नेह जोडावा, आईबापांना बरोबर घ्यावे, असे त्या म्हणत. क्लाइन १९२६ मध्ये लंडनला गेल्या. हिटलरने ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये फ्रॉइडही तिथेच आल्या. मग एकाच संस्थेत दोन तट पडले आणि महायुद्ध चालू असता सभांमागून सभा झडल्या. संघटनांतल्या फुटी आम्ही जवळून पाहिल्या आहेत. हे वाचताना थोडे हसू आले.

पण त्याच काळात अ‍ॅना फ्रॉइड व डोरोथी बर्लिंगहॅम हॅम्पस्टेडमध्ये युद्धाने घर मोडलेल्या मुलांसाठी शिशुगृहे चालवीत होत्या. तिथे मुले बॉम्बफेकीचाच खेळ खेळत. इतर मुले खेळून मोकळी होत. चार वर्षांचा एक मुलगा मात्र तोच खेळ पुन्हापुन्हा खेळे. कागदाची घरे मांडायची, वरून बॉम्ब टाकायचे, आणि प्रत्येक वेळी सारी माणसे वाचायची, घरे पुन्हा उभी राहायची. त्याचा बाप युद्धात गेला होता. ते तो मानायला तयार नव्हता. कित्येक महिन्यांनी ते त्याच्या स्वतःच्या तोंडून निघाले, तेव्हा तो खेळ थांबला.

मार्गारेट लोवेनफेल्ड ह्यांनी १९२८ साली लंडनमध्ये दवाखाना उघडला आणि पुढे वाळूची परात व छोट्या वस्तू मुलांच्या हाती दिल्या. मुले आपल्या मांडणीला ‘जग’ म्हणू लागली. तेच नाव त्या पद्धतीला पडले. अमेरिकेत व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन ह्यांचे पुस्तक १९४७ साली आले. मुलाने वाट दाखवावी, मोठ्याने मागून चालावे आणि त्याची भावना ओळखून त्याला परत सांगावी. मर्यादा अगदी मोजक्या. पुढे १९६४ साली बर्नार्ड गर्नी ह्यांनी आईबापांनाच शिकवून मुलाशी असे खेळायला बसवण्याची पद्धत मांडली. श्रमिकांच्या घराला आम्हांस हीच जवळची वाटते. मात्र त्यासाठी बापाला गप्प बसता आले पाहिजे.

आमच्या कारखान्यात टाळेबंदी होती तेव्हा आमचा सहा वर्षांचा मुलगा खुर्च्या आडव्या लावून फाटक बंद करी व बाहेर एकटाच उभा राही. आम्ही त्याला सभेतल्यासारखे समजावले: घाबरू नकोस, फाटक उघडणार आहे. त्याने मुकाट्याने खुर्च्या जागेवर ठेवल्या. तो खेळ आमच्यासमोर पुन्हा कधी तो खेळला नाही.