जवसाच्या तेलातलं जंगल

आमचे वडील आलापल्लीला जंगलखात्यात नाकेदार होते. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला. ही त्याआधीची, सगळं चांद्यातच असतानाची गोष्ट. रात्री ते कंदील घेऊन निघाले की आम्हा पोरांना अंगणाच्या कुंपणापलीकडे नुसता काळोख दिसायचा. उन्हाळ्यात त्याला मोहाचा वास असे.

पुढे ड्रॉइंग मास्तर झालो आणि ते जंगल तैलरंगात काढायला बसलो. सागाचं पान न् पान काढलं. झाला झाडीपट्टीच्या नाटकातला जंगलाचा पडदा! आता कुठल्याही क्षणी राजा शिकारीला येणार.

सय्यद हैदर रझांची चित्रं पाहिली तेव्हा माझं काय चुकलं ते कळलं. 1922 चा जन्म, मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचा, वडील जंगलखात्यातच. मंडला आणि चांदा तेव्हा एकाच मध्य प्रांतात. 1939 ते 43 रझा नागपूरला चित्रकला शिकले, मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, आणि 1950 मध्ये फ्रान्सला गेले. तिथे आधी तिथलीच गावं रंगवली. हळूहळू घरांच्या कडा रंगात विरघळत गेल्या. लहानपणीच्या जंगलातली रात्र वर यायला वीसेक वर्षं लागली. 1972 चं ‘तपोवन’ पाहा: काळोखात लाल धग, पण झाड शोधून सापडत नाही. तोवर ते तैलरंग सोडून अ‍ॅक्रिलिककडे वळले होते.

1947 च्या प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटात रझांबरोबर तळेगाव दशासरचे हरी अंबादास गाडेही होते. डोंगर आणि घरं त्यांनी नुसत्या रंगांच्या आकारांवर आणून ठेवली.

मी तैलरंगालाच धरून राहिलो. त्यातलं तेल जवसाचं. आमच्याकडे त्याच जवसाची चटणी होते. तेल सुकायला दिवस घेतं, तोवर चूक खरवडता येते. मी सुरीने सगळी पानं खरवडली. उरला काळा आणि खाली एक पिवळा डाग. आई बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, “हा तं तुज्या बापाचा कंदील. पन तो डाव्या हातात धरे.” चित्रात हात नव्हताच.

रझा 23 जुलै 2016 ला दिल्लीत वारले. त्यांची कबर मंडल्याला आहे, वडिलांच्या शेजारी.